वाघमारे सरांचा निळ्या काठाचा कप

वाघमारे सर गेल्याचा निरोप घेऊन शाळेचा शिपाई सायकलवरून थेट मळ्यात आला, तेव्हा मी उसाला पाणी देत उभा होतो. ऐकलं, आणि खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं. छापील अक्षरात हे कबूल करणं बरं दिसत नाही, पण साताऱ्याच्या इस्पितळात त्यांचे शेवटचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ते कळेल. पोटातल्या दुखण्याने माणूस एवढासा झाला होता. दुपारी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नी विमलवहिनीही तेच म्हणाल्या, "भाऊजी, सुटले ओ." रडू मला आलं ते दोन दिवसांनी, वर्गात, फळा पुसताना. तरीही ते हायसं वाटणं नुसतं त्यांच्या वेदनांपुरतं नव्हतं. त्याला सात वर्षांपूर्वीचं एक कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला सरांबद्दल काहीच लिहिता येणार नाही.

रहिमतपूरजवळच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, मी मराठी. छप्पन साली त्यांच्या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि दुसऱ्याच वर्षी ते आमच्याकडे रुजू झाले. बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशाला ॲसिडने पडलेली भोकं, आणि वादात हार न जाणारे. पण आवाज कधी चढवणार नाहीत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे, मग "बरं, आता करून बघू" म्हणायचे. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकाच डब्यात जेवायचो. माझ्या घरी मात्र ते ओसरीपर्यंत. ओसरीच्या कोनाड्यात निळ्या काठाचा एक कप त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा. आई वरून चहा ओतायची, सर प्यायचे, स्वतः विसळून कप परत कोनाड्यात ठेवायचे. मी शेजारी बसून घरातल्या कपातून प्यायचो आणि पावसापाण्याच्या गप्पा मारायचो... पाच वर्षं. वर्गात मी समतेवर निबंध घालत होतो. घरी माझी जीभ टाळ्याला चिकटलेली असे.

बासष्टचा फेब्रुवारी जवळ आला आणि अष्टग्रहीची हवा सुरू झाली. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, असं जो तो सांगू लागला. गावोगाव होमहवनं, जप, सप्ताह. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मात्र मिशीत हसायचे. ते पलटणीतले पेन्शनर हवालदार, लढाईत परदेश पाहून आलेले. भटजींना म्हणायचे, "आवं, एवढ्या तोफा डोक्यावरनं गेल्या, तवा न्हाई मेलो. आता राशीनं मरीन व्हय?" माझी धाकटी बहीण इंदू हिचं लग्न पलूसकडच्या शंकर नावाच्या शिपायाशी ठरलं होतं. अष्टग्रहीनंतर दोनच दिवसांनी लग्न आणि चौथ्या दिवशी त्याची रजा संपायची. मुहूर्त द्यायला कुणी तयार नव्हतं. आबांनी त्याचीही फिकीर केली नाही.

घोळ घातला तो सरांनीच. लोकांची भीती घालवावी म्हणून त्यांनी शाळेच्या पटांगणात व्याख्यान ठेवलं. कंदिलाएवढा सूर्य आणि लिंबाएवढी पृथ्वी घेऊन सगळं छान समजावलं. शेवटी म्हणाले, "आणि तो गुरू, एवढा मोठा म्हणून ज्याला भिता, तो नुसता गॅसचा गोळा आहे. हायड्रोजन. तो काय तुमचं वाकडं करणार?" लोक हसले, टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले आबा तेवढे हसले नाहीत. घरी आले ते तसेच बाजेवर बसून राहिले. लढाईत त्यांनी पेट्रोलचा एक साठा पेटताना पाहिला होता. एका विडीच्या थोटकाने. त्यात त्यांच्या पलटणीतली सात माणसं गेली. ही गोष्ट ते कधी पुरी सांगत नसत.

सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. गुरू सगळा गॅस, मंगळ अंगार, आणि दोघं एका घरात येणार, मग पेटायचं कसं राहील, असं त्यांचं गणित होतं. एवढा मोठा गोळा एकदा पेटला की चार दिवसांत विझणार नाही, वर्षानुवर्षं धगधगत राहील, इथली पिकं, पाणी, माणसं होरपळतील. भविष्य सांगणाऱ्यांना न भिणारे आबा शास्त्राला भ्यायले होते. त्यांनी मला पलूसला कार्ड लिहायला सांगितलं, की लग्न यंदा होणार नाही. शंकरचे वडील आधीच बजावून बसले होते की पुन्हा रजा कधी मिळेल कोण जाणे, यंदा जमलं नाही तर आम्हाला दुसरी मुलगी बघावी लागेल. मी तेवढं बोलून पाहिलं. आबा म्हणाले, "बगू देत. पोरगी मरायचीच असंल तर आपल्या दारात मरंल. परक्याच्या दारात धाडून मी हितं जळत बसू व्हय?"

कार्ड लिहिलं आणि दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. टपालपेटीजवळ जायचो, परत फिरायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी वाढताना इंदू एवढंच म्हणाली, "दादा, कार्ड टाकू नगंस." शनिवारी मी ते सरांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, उलटं करून पत्ता वाचला. मग म्हणाले, "ही भीती मी घातली. मलाच काढली पाहिजे. उद्या येतो."

रविवारी दुपारी ते सायकलच्या मागे पाटी बांधून आले. पाटीत काचेच्या दोन उंच बरण्या, रबरी नळी, जस्ताचे तुकडे, ॲसिडची बाटली आणि तारेच्या टोकाला खोचलेली मेणबत्ती. ओसरीवर बसले, निळ्या काठाच्या कपातून चहा घेतला आणि आबांना म्हणाले, "तुमचं खरं हाय, आबा. ह्यो गॅस पेटतोय." जस्तावर ॲसिड ओतलं, निघालेला हायड्रोजन एका लहान नळीत धरून काडी लावली. फट्दिशी आवाज झाला. आबा ताडकन उठून उभे राहिले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता कार्ड गेलंच पेटीत. आत इंदूच्या हातातलं भांडं पडल्याचं ऐकू आलं. सर मात्र शांत. त्यांनी मोठी बरणी गॅसने भरली, तोंड खाली करून उपडी धरली आणि मेणबत्ती पेटवू लागले. वाऱ्याने ती विझली. पुन्हा पेटवली, आडोसा केला, पण त्या गॅसची ज्योत उन्हात दिसेना. सर सहज बोलून गेले, "आत अंधारात दिसंल..." आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. माझ्याही आलं. मी उंबऱ्याकडे बघत राहिलो आणि या खेपेलाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

आबाच म्हणाले, "मग आत चला की. हितं उनात काय बगायचं?"

माजघराला खिडकी नव्हती. आईने दार लोटलं. अंधारात सरांनी उपडी बरणी एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने पेटती मेणबत्ती खालून वर सरकवली. बरणीच्या तोंडाशी फिकट ज्योत लवलवली, आणि आत गेलेली मेणबत्ती चक्क विझली. खाली ओढताना तोंडाशी परत पेटली. पुन्हा आत, पुन्हा विझली. आबांनी बरणी तीनदा भरायला लावली आणि तिसऱ्या खेपेला तार स्वतःच्या हातात घेतली. सर म्हणाले, "आगीला दोघं लागत्यात, आबा. गॅस आन् हवा. तोंडाशी हवा हाय, म्हणून जळतंय. आत नुसता गॅस, तितं आग जगत न्हाई. गुरूवर समदं आतच हाय. हवा न्हाईच."

आबा विचार करत होते. "आन् मंगळ?"

"त्यो पेटलेलाच न्हाई. तांबडी माती हाय. आन् गुरूपासनं लय लांब हाय. एका वळीत दिसत्यात एवढंच."

अंधारात आबांनी इतका लांब सुस्कारा टाकला की मेणबत्ती हलली. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी कार्ड दिलं. त्यांनी ते त्याच ज्योतीवर धरलं. आईने सगळ्यांना तिथेच चहा दिला, घरातल्या कपांतून. सरांनाही. निघताना सरांनी कोनाड्यातला निळ्या काठाचा कप उचलला. "मावशी, जस्ताचे तुकडे ठेवायला बरा हाय. नेऊ का?" कप पाटीत गेला.

लग्न झालं. मुहूर्त आबांनी काढला, पलूसकडच्या वऱ्हाडाची गाडी स्टेशनात येण्याच्या वेळेवरून. सर पंगतीला बसले म्हणून भावकीतली दोन घरं जेवायला आली नाहीत. आबांनी त्या घरांच्या पत्रावळी उचलायला लावल्या आणि पंगत पुढे चालवली. त्याच दिवाळीत चीनची लढाई लागली. शंकर कुठे आहे ते कळेना. महिनाभर इंदू दाराकडे डोळे लावून बसली. मग त्याच्या हस्ताक्षरातलं पत्र आलं. पायाची दोन बोटं गोठून गेली होती, माणूस शाबूत होता. आज त्यांना दोन मुलं आहेत. ते कार्ड मी टाकलं असतं तर...

यंदा माणूस चंद्रावर उतरल्यावर आबा मला म्हणाले, मास्तरांना एक विचारायचं राहिलंय. मी त्यांना साताऱ्याला नेलं. इस्पितळात खाटेशेजारी बसून त्यांनी विचारलं, आता रॉकेटं एवढ्या लांब जात्यात, तर कुणी गुरू पेटवायला इथनं हवा न्हेली तर? सर हसले, पोट धरून, दुखत असूनही. "तेवढी हवा आपल्याकडं न्हाई, आबा. जेवढी न्ह्याल तेवढंच जळंल. मग विझंल." मग आबा सरांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, लय उशीर केला आमी. तुमास्नी आत बोलवायला."

सरांनी डोळे मिटले होते. "आलो की आत," ते म्हणाले. "अंधार लागला, पण आलो."

निरोप ऐकून मला हायसं वाटलं ते यासाठी. जे मी बोलायला हवं होतं ते आबा बोलले होते, आणि सरांनी ते ऐकलं होतं.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या फळीवर तो कप होता, जस्ताच्या तुकड्यांनी भरलेला. सात वर्षं तो तिथेच आहे हे मला ठाऊक होतं आणि सात वर्षं मी नजर चुकवत आलो होतो. घरी आणला, राखेने घासला, आबांपुढे ठेवला. त्यांनी तो बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासनं मला चा ह्यात देत जा." आता रोज सकाळी ते ओसरीवर बसून त्या कपातून चहा पितात. मग स्वतः विसळतात. कोनाडा हाताशीच आहे, पण त्यात ठेवत नाहीत. गुडघे धरत उठतात, उंबरा ओलांडतात आणि कप माजघरात फळीवर नेऊन ठेवतात.