दमाचं वजन

माझी बायको वजनकाटे दुरुस्त करते. भाजीच्या गाडीवरच्या छोट्या काट्यापासून गोदामातल्या पोत्यांच्या काट्यापर्यंत सगळे तिच्या हाताखालून जातात. मोजल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवत नाही. माझ्या आजारपणावर तर मुळीच नाही, आधी थर्मामीटर. गल्लीत तिला काटेबाई म्हणतात, आणि तिची जीभ बघता ते नाव शोभतंही.

तर आमची लेक एकदा कराटेच्या क्लासवरून आली ती रडून डोळे लाल करूनच. सर म्हणाले होते, "पवित्रा छान आहे तुझा, पण ठोशात दम नाही. अशाने संघात घेता येणार नाही." पोरीचा सगळा जीव त्या संघात अडकलेला. क्लासच सोडते म्हणाली.

"दम नाही म्हणजे किती नाही?" बायकोने विचारलं.

"आई, ते काय बटाटे आहेत का?"

"मोजू या की. रडायचं ते आकडा बघून रड."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या भिंतीवर एक गादी ठोकली आणि तिच्यामागे काट्यातला लोडसेल बसवला. म्हणजे भार पडला की किंचित वाकणारी धातूची पट्टी. लेकीने ठोसा हाणला. आकडा ढिम्म हलला नाही. पोरीचा चेहरा उतरला, पण दोष काट्याचा होता. कुणी टोपली आपटली तरी वजन चुकू नये म्हणून काटा असले धक्के जमेतच धरत नाही. बायकोने आपल्याच काट्याला चार शिव्या हासडल्या, पट्टीची जोडणी बदलून ती कॉम्प्युटरला लावली आणि पडद्यावर धक्क्याची रेघ उमटू लागली.

लेकीची रेघ उशीसारखी, बुटकी आणि पसरट. मग सरांना बोलावलं. त्यांनी हौसेने बाह्या सरसावल्या. त्यांची रेघ सरळ वर गेली आणि तशीच खाली आली. दोन्ही रेघांखालची जागा मात्र जवळपास सारखीच भरली. पोरीत जोर होता, पण तो सावकाश सांडत होता.

"मूठ गादीवर टेकवून काय राहतेस गं?" बायको म्हणाली.

"तूच शिकवलंयस ना! दाबून धर, आकडा थांबेपर्यंत सोडू नको."

खरंच होतं. बायको काट्याखाली डोकं घालून स्क्रू पिळायची आणि लेक लहानपणापासून वरून तळवा दाबून धरायची. बायको इतकी हसली की ठसका लागला. "म्हणजे दम माझ्याच दुकानात अडकला होता!"

त्यानंतर दोघांनी पोरीला सोडलं नाही. सर टाच आणि कंबर वळवायला लावत, बायको पडद्याकडे बघून ओरडे, "पसरला! पुन्हा!" हळूहळू उशीचा सुळका झाला. मलाही खुमखुमी आली, मी एक ठोसा मारून बघितला. त्या रेघेबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

निवडीच्या दिवशी यंत्र नव्हतं. सरांनी छातीसमोर पॅड धरलं. "पडदा नाही, आता कळायचं कसं?" असं पुटपुटत बायको माझी बाही पिरगाळत होती. लेकीने टाच फिरवली, फट्‌ असा आवाज झाला आणि सर, चांगले आडदांड गृहस्थ, मागच्या बाकावर धपकन बसले.

पोर घाबरली. "सर, लागलं का हो?"

"लागलं ना," सर हात झटकत म्हणाले. "म्हणून तर संघात घेतोय."

लेकीने वळून आमच्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवत होतो. बायको भर हॉलमध्ये हमसून रडत होती, आणि ते लपवायचा तिने जराही प्रयत्न केला नाही.