इंजिनाला ‘अहो’ म्हणणारे सोवनी काका

जुन्या मोटारीची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही मनात लगेच एक चकचकीत गाडी उभी केली असेल. पितळी दिवे, लांब बॉनेट, शेजारी मिशीला पीळ देणारा कुणी सरदार. काढून टाका. सरदार नाही आणि गाडीही नाही. चाक, दार, सीट, काही म्हणजे काही नाही. आहे ते फक्त एक गंजलेलं इंजिन, कसबा पेठेत शिंदे मिस्त्रींच्या गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं. आणि त्याच्यासमोर स्टुलावर ताठ बसलेले सोवनी काका.

मी पंक्चर काढायला स्कूटर ढकलत पोचलो, तेव्हा काका त्या इंजिनाला विचारत होते, “अहो, आपण मूळचे कुठले?”

इंजिन गप्प. मला राहवलं नाही. पुण्यात खोली शोधताना प्रत्येक घरमालकानं मला हाच प्रश्न विचारला होता. मी पुसदचा, विदर्भातला. पण नकला करायची खोड लहानपणापासूनची, त्यामुळे सहा महिन्यांत मी इथलं बोलणं असं काही उचललं होतं, की रिक्षावालेसुद्धा फसायचे. मी म्हणालो, “आम्ही इथलेच हो, नारायण पेठेतले.”

काकांनी मान वळवली नाही. “नारायण पेठेतला माणूस न विचारता उत्तर देत नाही. विचारलं तरी देईलच असं नाही. आपण कुठले?”

“पुसद.”

“मग ते सांगा की. चोरून आणलंय का गाव?”

अशी आमची ओळख झाली. गेल्या वर्षी काका गेले, पण ‘चोरून आणलंय का’ हे मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर माणसांशी बोलणं त्यांनी जवळजवळ बंदच केलं होतं. मिस्त्रींना दिवसभरात दोन-चारदा ‘हं’ मिळायचं. इंजिनाला मात्र ‘अहो’, ‘आपण’, ‘जरा कुशीवर वळता का, प्लग बघायचाय’. मिस्त्री मला हळूच म्हणायचे, “मला पण जरा गंज चढू दे. मग बघ कसं अहो-जाहो करतील.”

काकांचे वडील एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांची गाडी इंग्लंडहून बोटीनं आलेली. एकदा डॉक्टरांनी गुळाच्या ढेपा आणायला गाडी लोणी काळभोरला पाठवली, तेव्हा वडिलांनी छोट्या सोवनींना बरोबर नेलं. येताना ढेपांना टेकून ते मागच्या सीटवर झोपले. खालून इंजिनाचा आवाज, पुढे वडिलांची टोपी. “तशी झोप पुन्हा लागली नाही,” काका म्हणायचे. त्याच वर्षी वडील वारले आणि डॉक्टरांनी गाडी विकून टाकली. पुढे येरवड्याला कुठलासा बंगला पाडताना हे इंजिन निघालं. भंगारवाला मिस्त्रींना म्हणाला, तुमच्या पेठेतल्या डॉक्टरांच्या गाडीचं आहे म्हणतात. एवढं काकांना पुरलं.

काकांचा डावा कान तोवर गेलाच होता, उजवा निघायच्या तयारीत होता. “हे तेच असतील,” ते म्हणायचे, “तर कान आहे तोवर एकदा ऐकायचेत.”

मग रविवारी मीही तिथं जायला लागलो. रॉकेलमध्ये बुडवलेला टूथब्रश घेऊन आम्ही इंजिन घासायचो. पलीकडच्या आळीतून तांबटांचे ठोके यायचे, टण्‌ टण्‌ टण्‌, आणि रॉकेलच्या वासानं डोळे जड व्हायचे. वाटायचं, आपण तिघं आणि ते इंजिन कुठल्या तरी लांबच्या गावाला निघालोय, फक्त गाडी अजून यायचीय.

पहिला धक्का पान्यानं दिला. इंग्लंडची गाडी म्हणजे नट इंची पान्यानं फिरायला हवेत. एकही इंची पाना नीट बसेना. मिस्त्रींनी मिलिमीटरचा लावला, तो टच्चकन बसला.

“नट बदलले असतील,” मी म्हणालो.

“सगळे?” काका.

पुढच्या रविवारी गंजाखालून उठावाची अक्षरं वर आली. त्यात एक इंग्रजी ‘ई’ होतं, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. काकांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावं तसं. “फ्रेंच आहात होय आपण? मग इकडे कसे आलात? पाँडिचेरीवरून?”

मिस्त्री म्हणाले, “म्हंजे डॉक्टरांच्या गाडीचं नाय.”

“डॉक्टरांनी मधेच इंजिन बदललं नसेल कशावरून? आवाज ऐकल्याशिवाय मी मानणार नाही.”

आवाज कसा होता, हे काकांना सांगता येईना. म्हणून मी तोंडानं काढायला लागलो आणि ते दुरुस्त करायला लागले. “बुलेट नको. जरा म्हातारं करा. अहो, दोन ठोक्यांच्या मधे थोडी जागा सोडा, झोप तिथं यायची.” असं कितीतरी रविवार चाललं. एका दुपारी जमलं. दुग्‌दुग्‌, दुग्‌दुग्‌… धप्प. काकांची मान हळूहळू खांद्यावर कलली. मिस्त्रींनी रेडिओ बारीक केला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर ते जागे झाले असते.

मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये डिझेल मुरवत ठेवून जाम झालेलं इंजिन मोकळं केलं. कार्बोरेटर कुणाचा, बॅटरी कुणाची, अशी उसनवारी करून एका रविवारी हँडल मारलं. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि चक्क चालायला लागलं.

बारीक, घाईचा आवाज. शिवणयंत्रासारखा.

काकांनी उजवा कान पुढे केला. एस.टी.तून सगळे उतरून गेले आणि आपलं माणूस आलंच नाही, तर आपण रिकाम्या गाडीत एकदा वाकून बघतो ना, तसा त्यांचा चेहरा झाला.

मला ते बघवेना. मी त्यांच्या उजव्या कानाशी गेलो आणि सुरू केलं. दुग्‌दुग्‌, दुग्‌दुग्‌… धप्प. काकांनी डोळे मिटले. मीही मिटले. धुरात गुळाचा वास आला, शपथ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस सरकत होता, पुढे एक टोपी होती आणि घर अजून लांब होतं, लांबच असावं असं वाटत होतं.

कधीतरी मला जाणवलं की गॅरेजात फार शांतता आहे. डोळे उघडले. मिस्त्रींचा हात पेट्रोलच्या कॉकवर. इंजिन केव्हाच बंद झालेलं. डॉक्टरांची गाडी मात्र माझ्या तोंडातून चालूच होती.

काका माझ्याकडे बघत होते.

“इंजिन बंद झालं की गाडी थांबते. पुसदला थांबत नाही का?”

“सॉरी, काका.”

“मला कशाला? यांना म्हणा.” त्यांनी इंजिनाकडे बोट केलं. “कुठल्या कुठून आलेत बिचारे. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, तर आपण त्यांच्यावर दुसऱ्याचा आवाज चढवता? माझे वडील यांच्यात नाहीत, हे मला पहिल्या ठोक्यालाच कळलं. मी बहिरा होतोय, बावळट नाही. आलेल्या पाहुण्याला बोलू तरी द्यावं माणसानं!”

मी मान खाली घातली.

“आणि आपलंही तेच. वर्ष झालं, माझ्यासमोर बसून माझ्यासारखं बोलताय. कसब्याला एक सोवनी पुष्कळ झाला.”

“मंग कसं बोलू जी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

काका थबकले. मिस्त्रींना त्यांनी हातानंच खूण केली, यांना पुन्हा चालू करा. मग माझ्याकडे उजवा कान केला आणि जोरात खेकसले, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता? मोठ्यानं बोला. कान जातोय माझा!”