गाजरगवतावरचा आळ

विलासची बातमी आली तेव्हा मी केडगावला शाळेत हजेरी घेत होते. भावजय फोनवर एवढंच म्हणाली, "अक्का, दम लागला आन्... गेले." महिना होऊन गेला. रडणं कमी झालंय, मनाची टोचणी मात्र वाढतच चाललीय.

माझा धाकटा भाऊ. शिरूरकडच्या एका कारखान्यात रंगाच्या फवारणीवर होता आणि सुटीच्या दिवशी मांडवगणच्या आमच्या शेतात. रबरी हातमोज्यात पकड येत नाही म्हणून उघड्या हातानंच रंगात तो कडक करणारं हार्डनर नावाचं रसायन कालवायचा. एका उन्हाळ्यात हातांवर, मानेवर लाल चट्टे उठले. आमच्याकडे अंगाला खाज सुटली की आरोपी ठरलेला, बांधावरचं गाजरगवत. त्यात मी विज्ञानाची बाई, माझं कोण खोडून काढणार? मी फर्मान काढलं, "तू शेतात पाऊल टाकायचं न्हाई. कंपनीत जा, तिथं सावली हाय. खुरपायचं मी बघते." तो हसला. "शाळेतली पोरं तरी ऐकत्यात का गं तुझं?" पण त्यानं ऐकलं.

मग रविवारी मी खुरपं घेऊन वाकायचे आणि तो ओव्हरटाइमला जायचा. चट्टे हटेनात, वर खोकला लागला, छातीतून शिट्टी वाजू लागली. मी म्हटलं, धूळ असेल. पुण्याच्या डॉक्टरांनी शेवटी समजावलं. हार्डनरसारखं रसायन कातडीला लागून शरीर एकदा बिथरलं, की पुढं हवेतली जराशी वाफही छाती आवळू शकते. चट्टे उठले तेव्हाच त्या कामातून बाहेर पडायला हवं होतं. आणि मी त्याला नेमकं तिथंच ढकलत होते... त्यानं नोकरी सोडली तोवर छाती कामातून गेली होती.

दशक्रियेनंतर हे सगळं मी भावजयीजवळ बोलून टाकलं. ती म्हणाली, "त्यांना कळलं हुतं, अक्का. दिवाळीच्या सुट्टीत बरं वाटायचं, कंपनीत शिरलं की छाती धरायची. पण म्हणायचे, अक्काला बोलू नको. ती माझ्यापायी उन्हात खुरपतीया, तिला काय वाटंल?"

आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून शेवटी शेवटी तो भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. भिंतीवर तिथं त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. भावजय चुना मारून घेऊ म्हणते, मी मारू देत नाही. गावी गेले की त्या डागासमोर बसते आणि म्हणते, एकदा तरी रागवायचंस रे माझ्यावर.