दोन कानांमधली पिन

कारखान्यात त्यांना सगळे भागिलेबाई म्हणत. कारण कुठलाही प्रश्न विचारा, त्यांचं उत्तर ‘भागिले’पाशी येऊन थांबायचं. सळई टिकेल का? ओढ भागिले क्षेत्रफळ. बोल्ट पुरेल का? तेच, फक्त आटे कापून जेवढं उरतं तेवढंच क्षेत्रफळ धरायचं, बाहेरचा फुगीर आकडा धरून स्वतःची फसवणूक करायची नाही. एकदा मालकांनी चहाचं विचारलं, तेव्हा लेथवरचा टर्नर म्हणाला, "बाईंना नका विचारू, किटली भागिले माणसं करत बसतील." बाई हसल्या आणि खरंच करत बसल्या. सगळ्यांना सारखा चहा मिळाला, हे टर्नरनेही कबूल केलं.

कारखाना छोट्या क्रेन बनवायचा, भिंतीवर बसवून गोदामातली ओझी उचलायच्या. बाईंचं टेबल खिडकीशी होतं. टेबलावर पट्टी, कंपास, वही आणि लेथवरून उडालेला लोखंडाचा कीस, जो रोज झाडला तरी रोज असायचा. एकतीस वर्षं त्या तिथे बसून एकच काम करत होत्या. यंत्राच्या एखाद्या भागावर वजन आलं, तर त्याच्या दर चौरस मिलिमीटरच्या वाट्याला किती किलो येतात ते काढायचं. याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. वाटणी नीट झाली की लोखंड कुरकुर करत नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं. माणसांचंही तसंच असावं असं त्यांना वाटे, पण माणसांचं क्षेत्रफळ काढता येत नसल्यामुळे तो नाद त्यांनी सोडून दिला होता.

कारखान्याची एक शिस्त होती. प्रत्येक हिशोब दोघांनी करायचा, एकमेकांकडे पाठ करून. उत्तरं जुळली तरच लोखंडाला हात लावायचा. बाईंची स्वतःची आणखी एक सवय होती. वजन टांगण्याआधी त्या प्रत्येक पिनेभोवती बोट फिरवायच्या आणि ही तुटलीच तर किती ठिकाणी कापली जाईल, ते मोजायच्या. टर्नर म्हणायचा, "बाई पिनेला गुदगुल्या करतायत." पण त्या मोजून होईपर्यंत साखळीला कुणी हात लावत नसे.

बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचा मोठा भाऊ एकटाच राहायचा. दादाने जन्मभर बस चालवली होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कमरेच्या खुब्यांनी दगा दिला. वॉकर धरून तो खोलीत चार पावलं टाकायचा, पण जिना अरुंद आणि नागमोडी. तेव्हापासून तो खाली उतरला नव्हता. आधी तो चिडायचा, ते बरं होतं. मग त्याने चिडणं सोडलं, दाढी करणं सोडलं, खिडकीतून खाली बघणंही सोडलं. बाई रोज जेवणाचं ताट घेऊन वर जायच्या आणि दादाचा चेहरा बघत बसायच्या. हा असाच राहिला तर वरच्या वर संपून जाईल, ही भीती त्यांनी नवऱ्याजवळ एकदाच बोलून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या.

भिंतीवर बसणारा एक फिरता हात. त्याच्या टोकाला साखळी, साखळीला खुर्ची. दादाने गॅलरीत खुर्चीवर बसायचं, मग बाकीच्यांनी हात बाहेर वळवायचा आणि साखळी सावकाश खाली सोडायची.

"मी काय सिमेंटचं पोतं आहे?" दादा म्हणाला. "आयुष्यभर मी लोकांना नेलं. आता मला लटकवणार होय गं तू?"

चार महिने बाई त्याच्या मागे लागल्या होत्या. शेवटी तो कंटाळून हो म्हणाला, पण अट घालून. "एकदाच बसेन. काही गडबड झाली, तर पुन्हा माझ्यापुढे त्या यंत्राचं नाव काढायचं नाही."

"बरं. वजन सांग तुझं."

"ब्याऐंशी."

"कधीचं?"

"माझं."

बाईंनी मान डोलावली आणि वहीत एकशे दहा लिहिलं. खुर्ची, साखळी, लोखंडी हात वगैरे धरून दोनशे किलो. हात भिंतीला दोन बिजागऱ्यांनी धरलेला, आणि भिंतीपासून लांब टांगलेलं ओझं वरच्या बिजागरीवर चौपट होऊन येतं, म्हणजे आठशे. त्या बिजागरीतली पिन दहा मिलिमीटरची, दोन कानांमध्ये धरलेली. कान म्हणजे पिनेला वरून आणि खालून पकडणाऱ्या जाड पट्ट्या. त्यामुळे पिन तुटायची तर दोन ठिकाणी कापली जायला हवी, आणि भार दोन ठिकाणी वाटला जातो. चौरस मिलिमीटरला पाच किलो. माणूस उचलायचा तर सहाच्या वर जायचं नाही, हा बाईंचा नियम. टर्नरचंही उत्तर पाचच आलं.

शनिवारी बाई कारखान्यात असताना त्यांच्या यजमानांनी हात भिंतीवर बसवला. ते सुतार. कामाच्या सफाईत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि हे त्यांनाही माहीत होतं. बसवून झाल्यावर त्यांनी सगळ्याला हिरवा रंगही दिला.

रविवारी सकाळी बाई गॅलरीत आल्या तर दादा खुर्चीजवळ तयार उभा. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. आधी वाळूची पोती टांगून बघू, असं बाई म्हणाल्या, तर तो उसळला. "पोत्यांच्या रांगेत मी बसणार नाही." खाली शेजारीपाजारी माना वर करून उभे होते. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सवयीने पिनेभोवती बोट फिरवलं.

एक. खाली बोट गेलं तर तिथे कानच नव्हता. नुसता गुळगुळीत हिरवा रंग.

"अहो, खालचा कान कुठे गेला?"

"तो होय? पाण्याच्या पाइपाला अडत होता. ग्राइंडरने काढला. वरचा आहे की चांगला जाडजूड."

बाईंच्या डोक्यात भागाकार आपोआप झाला. एकच कान, म्हणजे पाचाचे दहा. आणि दादाची बसण्याची रीत त्यांना ठाऊक होती, धपकन बसायचा. वजन अचानक पडलं की ताण दुप्पट. म्हणजे वीस. हे लोखंड पंधराला वाकायला लागतं.

हळू बस म्हणून सांगितलं असतं, तर कदाचित निभावलंही असतं. बाईंच्या मनात ते आलं, हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. आज थांबवलं तर दादा पुन्हा बसणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी खाली जमलेल्या लोकांकडे पाहिलं, दादाच्या बुटांकडे पाहिलं.

"दादा, बसू नकोस. पिन चुकली आहे."

दादा वॉकर वळवून आत गेला. थोड्या वेळाने आतून एकेक बूट जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

यजमानांचा चेहरा पार उतरला होता. "मीच घोळ घातला गं."

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला चित्र दिलं. दोन कान का आहेत, ते सांगितलंच नाही. कारण माहीत नसेल तर चांगला कारागीर जास्तीचं काढून टाकणारच."

बाईंनी नवा आराखडा केला. पाइप चुकवायचा तर वरची बिजागरी पाच सेंटिमीटर खाली घ्यावी लागत होती, म्हणजे दोन बिजागऱ्यांमधलं अंतर कमी होऊन पिनेवर ओढ आणखी वाढणार. म्हणून पिन बारा मिलिमीटरची. हिशोब झाला, पण तो पडताळायला दुसरा माणूस नव्हता. टर्नर पंधरा दिवसांच्या रजेवर. दादा आठवडाभर हं आणि नाही यापलीकडे बोलला नव्हता. आठव्या दिवशी बाई ताटाबरोबर वही, पेन्सिल आणि कोरा कागदही वर घेऊन गेल्या.

"दादा, यंत्राचं नाव काढणार नाही. पण भागाकाराला दुसरा माणूस हवाय."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"भागता येतं ना?"

"भागायला काय झालं!" दादाला राग आला, आणि कितीतरी महिन्यांनी आलेला तो राग बघून बाईंना बरं वाटलं.

त्यांनी त्याला सगळं समजावलं. कान, पिन, कापली जाण्याच्या जागा. धपकन बसलं की ताण दुप्पट का होतो, तिथे दादाने त्यांना थांबवलं.

"हे तर ब्रेकचंच झालं. हळू दाबला तर पाठीमागचा प्रवासी झोपलेला राहतो. करकचून दाबला तर तोच पुढच्या दांडीवर आपटतो. बस तीच, माणूस तोच."

"अगदी तेच," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनाही ते इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

दादा भिंतीकडे तोंड करून लिहायला बसला. मग थांबला. "वजनाच्या जागी काय घालू?"

"खरं असेल ते."

"एकशे आठ." तो भिंतीलाच म्हणाला.

"मी एकशे दहा धरलेत."

"आत्ता?"

"पहिल्यापासून."

"मग मला कशाला विचारलंस?"

"म्हटलं, आपणहून सांगतोस का बघू."

दादा हसला नाही, पण त्याचे खांदे हलले. मग उत्तर आलं, साडेआठ. बाईंनी वही उघडली नाही. दादाने मिटलेल्या वहीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "दोन कान! भावोजींसारखं मीपण एक कापलाच की." पुन्हा भागलं. सव्वाचार. बाईंनी वही उघडून दाखवली. तिथेही सव्वाचार होतं. दोघांनी ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले. मग दादा म्हणाला, "आधी पोती टांगायची. माझ्या दुप्पट."

दोन आठवड्यांनी, रविवारी, पोती खाली गेली आणि वर आली. दादाने स्वतः वाकून पिनेभोवती बोट फिरवलं. "एक. दोन," तो मोठ्याने म्हणाला, खालच्या लोकांनाही ऐकू जाईल असं. मग ब्रेक दाबावा तसा, अगदी सावकाश, खुर्चीत बसला. यजमानांनी साखळी सोडायला सुरुवात केली. कडी कडी करत दादा खाली गेला. बाईंनी वरून पाहिलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. बूट जमिनीला टेकले, तेव्हा त्याने ते उघडले.

त्याने मान वर करून आपली खिडकी पाहिली. "एवढीशीच आहे होय ही?" असं म्हणाला आणि वॉकर घेऊन खाली आलेल्या यजमानांना सोबत घेऊन, तो टेकत कोपऱ्यावरच्या बस डेपोच्या रस्त्याला लागला.

दुपार झाली, यजमान जेवायला परत आले, दादा नाही. ऊन उतरलं तरी नाही. शेवटी बाई शोधायला निघाल्या. डेपोबाहेरच्या बाकावर दादा बसला होता. चार ड्रायव्हर त्याच्याभोवती उभे, आणि तो दोन बोटांत किल्ली धरून त्यांना कान आणि पिन समजावत होता.

"दादा, किती वेळ? चल वर. ताट झाकून ठेवलंय."

"तुम्ही घ्या जेवून," दादा बाईंकडे न बघताच म्हणाला. "वर काय ठेवलंय?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसत सुटल्या. चार महिने त्यांनी ‘खाली ये’ म्हणून विनवण्या केल्या होत्या. आता ‘वर चल’ म्हणून करायच्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, एका ड्रायव्हरला जरा सरकायला सांगितलं आणि त्याही बाकावर बसल्या.