डब्यात उरलेला चिंचोका

सुट्टीत दुसऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. एक सांगायला बसावं, तर दुसरा मधेच तोंड घालतो. मी मलकापुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा ओळीनं तीन उन्हाळे मी महिला मंडळाच्या बालवर्गात काम केलं. त्यातला पहिला उन्हाळाच सांगते, कारण पुढचे दोन आम्ही त्याच्या जोरावर निभावले.

वर्ग निघाला तो एका वाईट कारणानं. आदल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बाया धसकटं वेचायला शेतावर गेल्या होत्या आणि इकडे सहा वर्षांची एक मुलगी विहिरीत पडून गेली. तिला बाहेर काढलं तेव्हा गोदाबाई तिथं होत्या. त्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. पुढचा उन्हाळा लागला तशा त्या मंडळात आल्या आणि म्हणाल्या, "बाया कामाले जातीन, तवा पोरं माह्याजवळ राहतीन. जेवढी सकाळी आली, तेवढी संध्याकाळी घरी गेली पाह्यजेत. मले दुसरं काही करायचं नाही."

जागा दिली भाऊसाहेबांनी. त्यांचा कापसातून सरकी वेगळी काढायचा जिनिंगचा कारखाना, म्हणजे आमच्याकडचं 'जीन', उन्हाळ्यात बंद असायचा. मोठी शेड, कडुनिंबाची सावली, भक्कम फाटक. अट एकच घातली, "बाई, एका पोराले जरी काही झालं, त दुसऱ्या दिवशी फाटकाले कुलूप."

गोदाबाई म्हणाल्या, "मंजूर. कुलूप मीच लावीन."

*

जिनाच्या आवारात विहीर होती, उघडी. तिच्यावर फळ्यांचं झाकण हवं, असं गोदाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. भाऊसाहेब "आठ दिवसांत सुतार धाडतो" म्हणाले होते.

पहिल्या दिवशी चाळीस पोरं आली. विहीर उघडीच! गोदाबाईंनी एकालाही आत घेतलं नाही. फाटकाबाहेर, भाऊसाहेबांच्या जिनातल्या बैठकीच्या बरोबर खिडकीखाली, सगळ्यांना बसवलं आणि मला म्हणाल्या, "कुसुमबाई, पाढे घ्या. मोठ्यानं."

दोनदा पाढे झाले, मग उलटे झाले. भाऊसाहेब खिडकीत आले.

"बाई, कुठपर्यंत येते पाढे पोरायले?"

"सुतार येईपर्यंत येते."

दुपारच्या आत फळ्या ठोकून झाल्या.

*

शेडमध्ये विकायची राहिलेली सरकी पडून होती, माणसाच्या दुप्पट उंच ढीग. पोरांना त्यावर उड्या मारायच्या होत्या. जिनाचा चौकीदार तुकाराम त्यांची बाजू घेऊन आला. "मारू द्या ना जी. सरकी गादीवानी मऊ असते. काऊन भेता?"

गोदाबाईंनी आपली काळी छत्री ढिगाच्या पायथ्याशी खुपसली. वरची सरकी भसकन घसरली आणि छत्री दिसेनाशी झाली.

"काढ बरं."

तुकारामानं आधी एका हातानं उकरलं, मग दोन्ही हातांनी, मग फावडं आणलं. तो एकीकडून काढायचा, दुसरीकडून सरकी परत घसरायची. घामाघूम झाला बिचारा, आणि हसायलाही लागला. "सापडूनच नाही राह्यली, बाई."

"छत्री हाय, म्हणून हासून राह्यला तू," गोदाबाई म्हणाल्या.

तुकाराम हसायचा थांबला. संध्याकाळी त्यानंच ढिगाभोवती दोर बांधला. पुढे महिनाभर पोरांना गोदाबाईंपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची.

*

बाहेरून आलेला खाऊ गोदाबाई आधी स्वतः खायच्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत अर्धा तास बसायच्या. तोवर पोरांना हात लावायची बंदी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊसाहेबांच्या घरून बासुंदीचं पातेलं आलं. चाळीस पोरं गोल करून बसलेली, मधे पातेलं, आणि पातेल्याशेजारी वाटीभर बासुंदी खाऊन घड्याळ बघत गोदाबाई.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी शकू नावाची एक चिमुरडी पुढे आली आणि काळजीनं त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, तुम्ही मरून राह्यल्या का? नसान मरत, त आमाले द्या ना."

गोदाबाईंना हसताना मी त्या महिन्यात तेवढंच पाहिलं. तरी अर्धा तास त्यांनी पुरा केलाच.

*

आता चिंचोक्यांचं सांगते. फाटकाशी तुपाचा रिकामा डबा ठेवलेला असायचा. येताना प्रत्येक पोरानं त्यात एक चिंचोका टाकायचा, जाताना स्वतःच्या हातानं काढायचा. आईनं काढलेला चालायचा नाही, भावानं काढलेला चालायचा नाही. डबा रिकामा झाल्याशिवाय आम्ही घरी जायचं नाही.

एकदा एक चिंचोका उरला. आम्ही शेड पालथी घातली, विहिरीचं झाकण तपासलं. शेवटी शकू बोलली, "तो माह्या बाहुलीचा हाय. ते बी आली व्हती ना."

मला वाटलं, आता पोरीला बोलणी बसणार. गोदाबाईंनी डबा खाली धरला. "मंग तिले काढाले लाव."

बाहुलीनं चिंचोका काढला. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा ते पोट धरधरून हसले. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या जिनात आता बाहुल्यायची बी हजेरी असते."

*

शेवटच्या दिवशी समारंभ होता. बुलढाण्याहून एक साहेब आलेले, आयाबाया आलेल्या, भाऊसाहेबांच्या घरची झाडून सगळी माणसं पुढच्या रांगेत. सकाळी भाऊसाहेब आपल्या चार वर्षांच्या नातीला, नंदीला, घेऊन आले होते आणि साहेबांना गंमत दाखवायला तिच्याकडूनही डब्यात चिंचोका टाकून घेतला होता. भाषणं लांबली, नंदी उन्हानं किरकिर करू लागली. भाऊसाहेबांनी तिला उचलून घरी धाडायला टांग्यात बसवलं. तुकारामानं फाटक उघडलं. मालकाची नात! मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते.

समारंभ संपला. पोरांनी रांगेनं चिंचोके काढले. डब्यात एक उरला.

गोदाबाईंनी फाटक बंद करायला लावलं.

"बाहुलीचा असन," भाऊसाहेब म्हणाले. "उघडा. साहेबायची मोटार जाईन."

शकूनं बाहुली वर धरली. "हिनं काढला जी."

तेव्हा कुठे माझ्या तोंडून नंदीचं नाव निघालं.

"अवो, ते त घरी हाय," भाऊसाहेब म्हणाले. "म्या सोता टांग्यात बसवून देल्लं."

"तुम्ही बसवलं," गोदाबाई म्हणाल्या. "उतरवून घेतलं कोनं?"

भाऊसाहेबांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. बायको तिथं, सुना तिथं, घरगडीही तिथंच. ते जे निघाले, ते पायात काही न घालताच. मागून आम्ही दोघी.

घराच्या दाराला कुलूप होतं. टांगेवाला पोरीला दारात सोडून गेला होता. मागचं कवाड मात्र नुसतं लोटलेलं होतं. नंदी परसातल्या आडाच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून. तहान लागली असणार, हातात पोहऱ्याचा दोर होता. जिनातल्या विहिरीला झाकण बसलं होतं, या आडाला नव्हतं.

भाऊसाहेबांनी हाक मारायला तोंड उघडलं. गोदाबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "नंदे, तुहा चिंचोका राह्यला ना डब्यात. चाल, काढून घे."

"माहा हाय तो," नंदी म्हणाली. तिनं दोर सोडला, पाय बाहेर घेतले आणि आमच्याकडे चालत आली.

आम्ही जिनात परतलो तेव्हा सगळे तसेच उभे होते. साहेबांची मोटार तेवढी निघून गेली होती आणि फाटक पुन्हा लावलेलं होतं. नंदीनं डब्यात हात घातला, चिंचोका काढला आणि मूठ मिटली. तुकाराम फाटक उघडायला वळला.

"थांब बे," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी डबा उचलला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ तळ चाचपत उभे राहिले.