अकरा दिवसांची ट्रायल

आठव्या दिवशी इराने मशीन कानातून काढून तोंडात टाकलं. चावलं नाही. नुसतं गालात धरून भिंतीकडे तोंड करून बसली. बोट घालून काढायला गेले, तर माझ्या मनगटाचा चावा घेतला.

मशीन म्हणजे श्रवणयंत्र. पण श्रवणयंत्र हा शब्द फक्त आमच्या बोर्डावर आहे. पेशंट मशीनच म्हणतात आणि आम्हीही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कुणाला किती ऐकू येतं ते तपासते, त्याचा आलेख काढते, गरज असेल त्याला मशीन बसवते. पनवेलमध्ये एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये मला वीस वर्षं झाली. इरा माझी मुलगी. तेव्हा सव्वातीन वर्षांची होती, आता बारा संपतील.

'आठ दिवस रडेल, काढून फेकेल, मग सवय होईल. धीर सोडू नका.' हे मी किती आयांना सांगितलंय, त्याला गणती नाही. त्या दिवसांत मी ते स्वतःलाच सांगत होते.

झालं होतं असं, की इरा हाकेला ओ देत नव्हती. पाठीमागे उभं राहून दहा वेळा 'इरा' म्हटलं तरी मान वळायची नाही. बोलणं नव्हतं. पाणी प्यायची तर बाटलीच्या झाकणातूनच. बिल्डिंगच्या लिफ्टजवळून हलवलं की फरशीवर आडवी व्हायची आणि किंचाळायची. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, 'हट्टी आहे हो. एकुलती एक ना!' माझा नवरा महेश द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर. तो म्हणायचा, 'तू कानाची एक्स्पर्ट, तूच सांग.'

मी सांगितलं, कमी ऐकू येत असेल.

आता एक गोष्ट महेशच्याही लक्षात आली होती. बिस्किटाचा पुडा आतल्या खोलीत फोडला तरी इरा धावत यायची. तो म्हणाला, 'मग हे कसं ऐकू येतं?' माझ्याकडे उत्तर तयार होतं. पुड्याची चुरचुर हा बारीक आवाज, हाक हा जाड आवाज. कानाच्या पडद्यामागे सर्दीचं पाणी साचलं की जाड आवाज आधी कमी होतात. इराला तेव्हा सर्दी होतीच, पडद्यामागे पाणीही होतं. महेशला पटलं. मलाही पटलं. दुसऱ्या कुणाच्या मुलाचा बाप हे बोलला असता, तर मी खुर्ची पुढे ओढून म्हटलं असतं, 'अहो, हे नीट सांगा मला.' कारण हाकेला न वळणारं आणि पुड्याला धावणारं मूल आमच्याकडे आलं, की आम्ही कानाच्या पलीकडचा विचार करतो.

इराला मी आमच्या बूथमध्ये तपासलं. बूथ म्हणजे बाहेरचा आवाज आत न येणारी छोटी खोली. मूल आईच्या मांडीवर बसतं. एका बाजूच्या स्पीकरमधून आवाज येतो. मूल तिकडे वळलं, की काचेच्या पेटीतलं माकड दिवा लागून टाळ्या पिटतं. ते बक्षीस. इरा एकदाही वळली नाही. मी आलेखावर खुणा केल्या आणि त्या जोडल्या. मध्यम बहिरेपणा. वळत नाही म्हणजे ऐकू येत नाही, असा अर्थ काढायचा नसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मी काढला.

याची खात्री करायची टेस्ट असते. तिला बेरा म्हणतात. मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावायच्या, कानात टकटक सोडायची, आणि ती मेंदूपर्यंत पोहोचते का ते स्क्रीनवर पाहायचं. मुलाने वळायचं नाही, बोलायचं नाही, म्हणून तिथे अंदाजाला वाव नसतो.

क्लिनिकच्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, विचारलं, 'मेधा, बेरा कधी करतेयस?'

'करते सर. ती झोपतच नाही हो.'

'लोकांची पोरं झोपवतेस आणि घरची झोपत नाही?'

दोनदा वेळ ठरली होती. पहिल्यांदा सर्दी आडवी आली. दुसऱ्यांदा मी माहेरून, पेणहून, थेट क्लिनिकला येत होते. पालकांना आम्ही बजावतो, येताना गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर इथे झोपणार नाही. कर्नाळ्याच्या अलीकडे इराचे डोळे मिटले. मी तिला उठवलं नाही. मुद्दाम? आजही मला सांगता येत नाही. हात पुढे गेला होता, एवढं आठवतं. क्लिनिकमध्ये ती टक्क जागी.

त्याच संध्याकाळी मी ड्रॉवरमधली ट्रायलची मशीन घरी आणली. ट्रायल म्हणजे विकत घेण्याआधी वापरून पाहायला देतात ती. सरांना विचारलं नाही. महेशला म्हटलं, 'सरांनी लावायला सांगितलंय.' आवाज कमीत कमी ठेवला होता, पण ठेवला होता.

का केलं? मला माझी मुलगी बहिरी असावी असं वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली. बहिरेपणाला माझ्याकडे मशीन होतं, सेटिंग होतं, आठ दिवसांचं आश्वासन होतं. दुसरं जे काही असू शकत होतं, त्याला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्याचं नाव मी आठवड्यातून दोन-तीनदा इतर पालकांसमोर घ्यायची.

दहाव्या दिवशी पाळणाघराच्या ताईंचा फोन आला, 'घेऊन जा, आमच्याने आवरत नाही.' इराला क्लिनिकमध्ये आणलं. रिसेप्शनच्या टेबलाखाली ती बसली. समोर मुकादम चाचा होते. उरणचे, आमचे जुने पेशंट. आखातात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, पैसे घेऊन आले आणि कान तिथे ठेवून आले, असं ते स्वतःच सांगायचे. मशीन साफ करून घ्यायला आले होते.

शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. इराने दोन्ही हात कानांवर दाबले आणि किंचाळली. मी खाली वाकून तिची मशीन काढून घेतली. आमची रिसेप्शनिस्ट वनिता म्हणाली, 'मॅडम, थांबा, मी बसतंय तिच्याजवल.' तिने खुर्ची सरकवली. खुर्चीचा पाय फरशीवर कर्रर्र वाजला. इराने पुन्हा कान दाबले.

चाचांनी दोन्ही वेळा पाहिलं.

'मॅडम, एक विचारू? राग नका मानू.'

'विचारा ना चाचा.'

'मला तुम्ही पहिल्यांदा मशीन लावलंत, त्या दिवशी घरी गेलो तर वाटलं हॉलमध्ये ट्रक शिरलाय. बघतो तर फ्रीज! पंधरा वर्षं तो घरात होता, त्याला आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. मीपण काढून फेकलं होतं. पण काढलं की सुकून. एकदम शांत.' त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. 'या बच्चीचं मशीन तर तुमच्या हातात आहे. मग ती कान कशाला झाकतेय?'

'लहान मुलांचं वेगळं असतं, चाचा.'

'असेल. तुम्ही शिकलेल्या.' ते उठले. 'मला आपलं वाटलं, बहिऱ्या माणसाला कान झाकायची गरजच काय?'

वनिता टेबलाखालून म्हणाली, 'मी तर कवापासून बोलतंय, हिला ऐकू येतंय म्हनून. पन आमचं कोन ऐकतंय? हितं सगल्यांना मशीन लावायला पायजे.'

मी हसले. नंतर वॉशरूममध्ये जाऊन बसले.

त्या दिवशी मशीन पुन्हा लावली नाहीत असं लिहायला आवडलं असतं. संध्याकाळी मी ती पुन्हा लावली. अकराव्या दिवशी सकाळीही लावली. चाचांचं म्हणणं मला कळलं होतं. कळलेल्या गोष्टीचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी लिफ्टमधून खाली उतरताना इरा शांत होती. मजला आला की आमची लिफ्ट 'टिंग' करते. तेवढ्यासाठी ती लिफ्टजवळून हलत नसे. मी मोबाइलवर ती टिंग रेकॉर्ड केली. क्लिनिकमध्ये जेवणाची सुट्टी होती. वनिताला बूथमध्ये बसवलं, तिच्या मांडीवर इरा. मशीन काढलेली. मी बाहेर काचेपाशी. नेहमीचे आवाज न सोडता मी ती टिंग सोडली. आधी बोलण्याएवढी. इरा वळली. माकड वाजलं, तिने ते पाहिलंही नाही. मग कमी. वळली. आणखी कमी. शेवटी कुजबुजीपेक्षाही हलकी, मोठ्या माणसांनाही कान टवकारावे लागतील इतकी. इरा वनिताच्या मांडीवरून उतरली आणि लिफ्ट शोधत बूथच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

वनिताने काचेतून मला अंगठा दाखवला. तिच्या मते आम्ही जिंकलो होतो.

मला एवढंच समजलं, की इराला तीन वर्षं माझी हाक ऐकू येत होती. बोलण्याच्या आवाजात, स्वच्छ. आणि अकरा दिवस मी ती हाक, शटर, मिक्सर, कुकर, सगळंच वाढवून तिच्या कानात ओतत होते. ती किंचाळून सांगत होती. मी त्याला सवय म्हणत होते.

त्याच दुपारी मी सरांना सगळं सांगितलं. चार दिवसांनी बेरा झाली. या वेळी तिला गाडीत झोपू दिलं नाही. टेस्ट सरांनी दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडून करून घेतली, मला खोलीत येऊ दिलं नाही. दोन्ही कान नॉर्मल. मशीनने काही इजाही झाली नव्हती. महेशने पेढे आणले. माझ्या आईने फोनवर देवाचे आभार मानले. मी पेढा खाल्ला. आनंद व्हायला हवा की रडायला हवं हे मला ठरवता येईना, म्हणून दुसरा खाल्ला.

सरांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. खाली एक ओळ राहिली होती, जी आम्ही अशा प्रत्येक मुलाच्या रिपोर्टवर लिहितो: बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

'तू लिहितेस, का मी लिहू?'

'तुम्ही लिहा सर.'

त्यांनी लिहिलं. पेनचं टोपण लावत म्हणाले, 'दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर किती दिवस लावले असतेस?'

'एक.'

इराला ऑटिझम आहे. थेरपी सुरू व्हायला उशीर झाला. त्या दिवसांनी फार फरक पडला नसेल, असं तज्ज्ञ म्हणाल्या. पण त्यांना फक्त दिवस माहीत होते. त्याआधी मी पाणी साचलंय, जाड आवाज, बारीक आवाज करत घालवलेले महिने मी त्यांना सांगितले नव्हते.

आज इरा वीसेक शब्द बोलते. बाजारात गेलो की कानांवर जाड पिवळे इअरमफ लावते. महेशने ते गोदामातून आणले. तिथे फोर्कलिफ्टच्या आवाजासाठी कामगार वापरतात. जिच्या कानात मी आवाज वाढवायचं मशीन घातलं, ती आता आवाज कमी करायचं मशीन लावून फिरते, आणि ते तिने स्वतः निवडलंय. हाकेला कधी वळते, कधी नाही. कशावर ठरतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

हे लिहिण्याआधी महेशला खरं सांगितलं, की मशीन लावायला सरांनी सांगितलं नव्हतं. तो भाजी निवडत होता. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाला, 'तिचे इअरमफ धुतलेस ना? उद्या लागतील.' मी म्हटलं, धुतलेत. अजून तरी एवढंच बोलणं झालंय.

आमच्या क्लिनिकमध्ये आता तीन गोष्टी पक्क्या आहेत. बेराशिवाय कुठल्याही लहान मुलाला ट्रायलचं मशीन घरी जात नाही. ड्रॉवरची किल्ली वनिताकडे असते, माझ्याकडे नाही. आणि स्टाफच्या मुलांची तपासणी स्टाफने करायची नाही.

केस विंचरताना माझा हात कानाजवळ गेला, की इरा मान आखडते. थेरपिस्ट म्हणतात, अशा मुलांना कानाजवळचा स्पर्श सोसत नाही. असेल. महेश विंचरतो तेव्हा ती आखडत नाही. म्हणून वेणी तो घालतो, आणि मी रबर हातात घेऊन उभी असते.