व्याह्यांच्या नावाची फेणी

माझ्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न मी तांदळाच्या पिठाने मोडता मोडता राहिले.

तेव्हा मला सासरी येऊन चारच महिने झाले होते. वेंगुर्ल्याची माणसं शालूला (म्हणजे नणंदेला) पसंत करून गेली होती आणि साखरपुड्यासाठी आचऱ्याला आमच्याकडे येणार होती. त्यांना द्यायच्या कापडांवर नावांचे कागद नकोत, हाताने घडवलेल्या चकत्या बांधायच्या, असं मी ठरवलं. (एका मासिकात चित्र पाहिलं होतं. मासिकं वाचून मी फार शहाणी झाले होते!) ओहोळाकाठच्या मातीच्या केल्या, त्या वाळून तडकल्या. चुलीत भाजल्या, त्या फुटल्या आणि आमटीत राख उडाली. ह्यांनी सुचवलं, कागदच बरा. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

शेवटी तांदळाच्या पिठाची उकड काढली. कीड लागू नये म्हणून मूठभर मीठ घातलं, चकत्यांना दोऱ्यासाठी भोकं पाडली, काडीने नावं कोरून त्यांत कोकमाचा रस भरला. आणि कुणाला न सांगता वाळत घातल्या. कुठे? घरापुढच्या खळ्यात, सासूबाईंच्या फेण्यांना खेटून! (फेण्या म्हणजे तांदळाचे पापड हो, तळून खायचे.)

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांना ती नक्षी वाटली आणि आवडलीही; साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी फेण्यांसोबत त्याही तळल्या. मी खळ्यात रिकामी चटई बघून किंचाळेपर्यंत फराळाच्या ताटल्या पडवीत पाहुण्यांपुढे पोचल्या होत्या. तेलात अक्षरं अशी फुगली होती की बेड्यापासून, म्हणजे पार फाटकापासून वाचावीत!

विहीणबाई शिकलेल्या. त्यांच्या ताटलीत ‘यशवंत’ आलं आणि त्यांचा हात थांबला तो थांबलाच. पाहुणी खात नाही म्हणजे सोयरीक बिनसली! दाराआड शालू रडकुंडीला आली. सासूबाईंनी हात जोडले.

“काय चुकला आमचा, विहीणबाई?”

“चुकाक काय नाय. पण माका ह्या मोडूक जमाचा नाय,” त्या हळूच म्हणाल्या. “हेच्यार आमच्या घरातल्यांचा नाव आसा.”

पंचवीस वर्षांत नवऱ्याचं नाव न उच्चारलेली बाई ते दाताखाली कसं धरणार? आणि यशवंतराव समोरच चहा पीत बसलेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हार मानणाऱ्यांतली नव्हे. पुढे झाले, ती फेणी उचलली, “माका चलता” म्हटलं आणि व्याह्यांच्या देखत कडाकडा चावून खाल्ली. मिठाने डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण तुकडासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

विहीणबाईंना हसू फुटलं. सोयरीक टिकली, शालू सुखात नांदली. व्याही मात्र हयात होते तोवर पंगतीत माझ्यापासून तीन पाट सोडून बसायचे.